मागे घेतलेलं प्रवचन

चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत मंडळीतली निम्मी म्हातारी माणसं ज्या दातांनी गीतं गात, ते दात दातमावशीच्या हातचे होते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, मेणाच्या वासात आणि प्लास्टरच्या धुळीत बसून तिनं उभा जन्म कवळ्या करण्यात घालवला. कुणाची हिरडी कुठं दबली आहे, कोण कवळी उशीखाली ठेवतं आणि सकाळभर घर डोक्यावर घेतं, हे सगळं तिला ठाऊक होतं. पण त्यातलं अवाक्षर कधी बाहेर गेलं नाही. मंडळीचे खजिनदार तावातावानं बोलायला लागले की त्यांची वरची कवळी सुटायची. मग दातमावशी हळूच म्हणायची, "उद्या येऊन जा, घट्ट करून देते." वाद तिथंच मिटायचा.

पाळकसाहेबांची कवळीही तिचीच. ती लावून त्यांनी शेवटपर्यंत उपदेश केला आणि ती लावूनच ते गेले. मेथडिस्ट पंथाचा पाळक म्हणजे खरं तर बदलीचा माणूस. चार-पाच वर्षं झाली की वरून हुकूम येतो आणि बिचाऱ्याला बाडबिस्तरा आवरून नव्या गावी जावं लागतं. या मंडळीनं मात्र दर खेपेला अर्जावर अर्ज पाठवून आपल्या पाळकसाहेबांना धरून ठेवलं. शेवटी वरचेच कंटाळले आणि त्यांनी नाद सोडला. अशा माणसाच्या मागं त्याचं काहीतरी राहावं असं सगळ्यांना वाटणं साहजिक होतं. त्यांच्या प्रवचनांचं पुस्तक काढायचं ठरलं आणि त्यासाठी एक समिती नेमली गेली.

समिती म्हणजे नावाला सहा जण, कामाला एकट्या हेडबाई. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण रुबाब काही निवृत्त झाला नव्हता. तरुणपणापासून दर सोमवारी त्या पाळकसाहेबांच्या हातचा कागद आणत, टाइप करत, प्रती काढत आणि घरोघर वाटत. त्यांच्या कपाटात वर्षावर्षांच्या फायली नीट बांधून ठेवलेल्या होत्या. हेडबाई नसत्या तर पुस्तकाचा विषयच निघाला नसता, हे दातमावशीलाही मान्य होतं. तिला समितीत घेतलं होतं ते चहा करायला नव्हे, तर ती साहेबांच्या घरातलीच म्हणून. एके काळी ती खरोखरच त्यांच्या घरात राहिली होती.

उपासनेच्या दालनाला लागून एक अरुंद खोली होती. मोडक्या बाकांची अडगळ आणि एक लांब टेबल. तिथं बसून हेडबाईंनी अनुक्रम वाचून दाखवला.

"पहिलं प्रवचन, भिंत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. 'भिंत' कुणाला माहीत नव्हतं? कित्येक घरांत ते चौकटीत लावलेलं होतं. लग्नात कुणी ना कुणी उभं राहून ते वाचायचंच. छताचं ओझं भिंत उचलते आणि कुणाला सांगायला जात नाही. ज्या दिवशी भिंत म्हणेल, मला हे ओझं नको, त्या दिवशी घर राहणार नाही, नुसत्या विटा राहतील. ऐकताना बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि पुरुष समाधानानं घसा खाकरायचे.

"आणि छपाई झाली की," खजिनदार म्हणाले, "प्रत्येक नव्या जोडप्याला मंडळीतर्फे एक प्रत भेट. लग्नाच्या दिवशीच हातात."

दातमावशी म्हणाली, "हे प्रवचन त्यांनी मागे घेतलं होतं."

खोलीत कुणाला काही कळेना. हेडबाईंनी चष्मा काढला. "काय घेतलं होतं?"

"मागे. पुढच्याच रविवारी. व्यासपीठावर उभे राहून म्हणाले, ते माझं चुकलं."

"मावशी, मी एकूण एक कागद जपलाय. असा कागद माझ्याकडे नाही."

"कागद नव्हताच, बाई. तोंडी बोलले. अगदी थोडं बोलले."

कोपऱ्यातले एक आजोबा पुटपुटले, काहीतरी झालं होतं खरं, त्या दिवशी चर्च लवकर सुटलं होतं. काय झालं होतं ते मात्र त्यांना आठवेना. खजिनदार या मंडळीत आले तेच बऱ्याच उशिरा. उरलेल्या दोघांचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं.

हेडबाई रागावल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्या समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "हे बघा, आठवणींवर पुस्तक काढायचं म्हटलं तर प्रत्येक जण साहेबांच्या तोंडी आपलंच घालेल. उद्या कुणी म्हणेल, मला ते अमुक म्हणाले होते. मग? जे त्यांच्या कागदावर आहे किंवा त्यांच्या आवाजात आहे, तेच छापायचं. माझा नियम सगळ्यांना सारखा."

नियमात खोट काढायला जागा नव्हती. दातमावशीलाही ती सापडली नाही, म्हणून तर तिचा जास्त संताप झाला. पुस्तक महिनाअखेर छापखान्यात जायचं होतं. ती घरी गेली, भांडी आपटत घासली आणि भांडी घासताना तिनं ठरवलं की आवाजच हवा असेल तर आवाज आणून देईन.

तिचं असं काय घोडं अडलं होतं, तेही सांगतो. ती हे कुणाला सांगत फिरली नव्हती आणि लपवतही नव्हती. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. नवऱ्याचा हात चालायचा. एक दिवस ती पिशवी घेऊन आईकडे निघून आली. रविवारी आई तिला उपासनेला घेऊन गेली आणि नेमकं त्या दिवशी, तरुण आणि भलतेच रंगात आलेले पाळकसाहेब भिंतीवर बोलले. त्यांना बिचाऱ्यांना हिच्याबद्दल काही माहीत नव्हतं. पण बाकीच्यांना होतं. बाकांवरच्या माना एकेक करत मागं वळल्या. दुपारी आईनं तिचे कपडे घडी करून पिशवीत भरले.

"आईचा साहेबांवर विश्वास होता," ती कधीतरी म्हणायची, "माझ्यापेक्षा जास्त."

ती परत गेली. आठवडा संपायच्या आत तिचे पुढचे दात गेले.

मेथडिस्ट पाळक घरोघर भेटी देतो. साहेब त्या आठवड्यात नव्या जोडप्याची विचारपूस करायला तिच्या दारात आले, तेव्हा तिनं तोंडावर टॉवेल धरून दार उघडलं. त्यांनी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तसंच केलं." टोमणा मारायचा तिचा विचार नव्हता, जे झालं तेच तिनं सांगितलं. साहेब तिथंच पायरीवर बसले. मग उठून गेले आणि दुपारी बायकोला घेऊन आले. दोघांनी मिळून तिला आपल्या घरी नेलं. साहेबांच्या बायकोनं तिला दाताच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथं आपले नवे दात कसे तयार होतात ते बघता बघता ती तिथंच कामाला राहिली.

आणि रविवारी साहेब हातात कागद न घेता वर गेले. ते जे बोलले त्यातलं तिला सगळं शब्दशः आठवत नव्हतं. टॉवेल, औषधाची गुंगी आणि बाजूला बसलेली साहेबांची बायको, एवढंच लख्ख आठवत होतं. पण त्यांनी ते मागे घेतलं होतं. त्या एका गोष्टीवर ती पुढची सगळी वर्षं ताठ उभी होती. आता ते वगळून 'भिंत' एखाद्या नवरीच्या हातात लग्नाच्या दिवशी जाणार, या विचारानं तिला अन्न गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी कवळ्यांचं काम उरकून ती कंपाउंडरकाकांकडे गेली. काका आता जख्ख म्हातारे झाले होते. पण पूर्वी जे लोक अंथरुणाला खिळलेले असत, त्यांच्यासाठी काका दर रविवारी प्रवचन टेप करत आणि कॅसेट घरी पोचवत. ज्याची त्याची कॅसेट वेगळी.

"काका, भिंतीच्या नंतरच्या रविवारची टेप हवी आहे मला."

काका खो खो हसले. "अगं बाई, टेपा राहतायत कुठं? तीच कॅसेट परत आणायची आणि तिच्यावरच पुढच्या रविवारचं भरायचं. दर आठवड्याला नव्या कॅसेटी घ्यायला मी काय कारखाना काढला होता?"

"म्हणजे सगळं पुसलं?"

"पुसलं नाही. त्याच्यावर दुसरं भरलं." काकांना यात फरक वाटत होता आणि तो त्यांनी खूप वेळ समजावून सांगितला.

दुसरं कुणी असतं तर उठून घरी गेलं असतं. दातमावशी उठली नाही. कवळी बसत नसेल तर माणूस पुन्हा साचा घेतो, तशी ती तोच प्रश्न फिरवून फिरवून घालत राहिली. कॅसेट परत यायची कधी? पुढच्या रविवारच्या आधी. ती परत आलीच नाही तर? "का नाही येणार?" काका म्हणाले. मग स्वतःच थबकले. "माणूसच गेलं तर नाही यायची. मयताच्या घरी जाऊन कॅसेट द्या असं कसं म्हणणार?"

"मग त्या आठवड्यात कोण गेलं होतं?"

काकांनी डोळे मिटले. त्यांना औषधांची नावं आता आठवत नसत, पण कोणाला कुठल्या खोलीत, कुठल्या खिडकीपाशी ठेवलं होतं ते सगळं पाठ होतं. "बेकरीवाल्याची आई," ते म्हणाले. "सोमवारी मी कॅसेट देऊन आलो आणि पुढच्या रविवारी तिच्यासाठी प्रार्थना झाली."

बेकरीत त्या वेळी पाव भट्टीतून निघत होते आणि बेकरीवाला घामाघूम झाला होता. आईची टेप म्हटल्यावर त्यानं हात पुसले. हो, आहे. टेपरेकॉर्डरसकट आहे. आईनं शेवटचं ऐकलेलं म्हणून बाबांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"पण मावशी, ती टेप खराब आहे," तो म्हणाला. "आम्ही एकदा लावली होती. पाळकसाहेब आधी एक बोलतात आणि मग त्याच्या बरोबर उलट बोलतात. आम्ही म्हटलं, काहीतरी गोंधळ झालाय."

दातमावशी पिठाच्या पोत्यावर बसली. बेकरीवाल्याला वाटलं, उकाड्यानं चक्कर आली. त्यानं पाणी आणून दिलं आणि ती ते प्यायली.

टेप तिनं तिथं ऐकली नाही. तिला ती पहिल्यांदा ऐकायची होती ती हेडबाईंच्या समोर, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की हिनं काही कारभार केला. शनिवारी सकाळी टेपरेकॉर्डर पोटाशी धरून ती हेडबाईंच्या घरी पोचली. ते घर इतकं नीटनेटकं होतं की पाहुण्याला चप्पल कुठं काढावी याची भीती वाटावी. हेडबाईंचे यजमान जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तरी त्यांची खुर्ची खिडकीपाशी तशीच होती आणि तिच्यावर कुणी बसत नसे.

"आवाज आणलाय," दातमावशी म्हणाली.

हेडबाईंनी टेबलावरचे कागद बाजूला केले. "लावा."

आधी नुसती खरखर. मग कुणीतरी खोकलं. मग साहेब बोलायला लागले, तरुण आवाजात, अडखळत.

"मागच्या रविवारी मी भिंतीवर बोललो. तुम्हांला ते आवडलं. दारात उभं राहून तुम्ही माझा हात हातात घेतलात. मलाही बरं वाटलं." मग बराच वेळ काही नाही. "ते चुकलं होतं. या आठवड्यात मी एका घरी गेलो. कुणाच्या, ते विचारू नका. तिथं मला दिसलं की माझं प्रवचन कुणीतरी खरोखर ऐकलं होतं." पुन्हा शांतता, बाक करकरल्याचा आवाज. "भिंतीला मारलं तर ती रडत नाही, म्हणून मी भिंत निवडली. मला सोपं पडलं. माणूस भिंत नाही. मारणं हातानंच होतं असंही नाही. ज्या घरात तुम्हांला माणूस म्हणून मोजत नाहीत, तिथं उभं राहणं हाच धर्म आहे असं मी म्हटलं असेन, तर ते मी मागे घेतो. देवाचं नाव घेऊन म्हटलं होतं, म्हणून देवाच्या नावानंच मागे घेतो. पुढचं मला सुचत नाही. गीत म्हणू या."

खट्ट आवाज झाला. आणि लगेच तेच साहेब, पण खणखणीत, मधूनच सुरू झालेले: "...सांगायला जात नाही. आणि म्हणूनच, बंधूंनो आणि भगिनींनो, छत उभं आहे..." नव्या छोट्या बोलण्याखाली जुनं लांबलचक प्रवचन जेवढं झाकलं गेलं तेवढं गेलं होतं, बाकीचं तसंच राहिलं होतं. दातमावशीनं पटकन बटण बंद केलं.

तिनं हेडबाईंकडे पाहिलं. हट्ट तडीला नेल्याचा आनंद होईल असं तिला वाटलं होतं. तिनं वाटेत दोन-चार वाक्यंही जुळवून ठेवली होती, आता तरी पटलं का, वगैरे. पण हेडबाई खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत होत्या.

"मला हे कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्हांला माहीत असणार. सगळे कागद तुमच्याकडेच असायचे."

"त्या रविवारी मी नव्हते. माहेरी गेले होते. कायमची आले म्हणून सांगायला." हेडबाई शाळेत शिकवत तशा एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. "सोमवारी 'भिंत' टाइप केलं होतं, त्याची एक प्रत पर्समध्ये राहिली होती. वडिलांच्या घरी ती पुन्हा वाचली. आणि दुसऱ्या दिवशी परत आले. परत आल्यावर इथल्या कुणी विषय काढला नाही. आणि मी तरी काय विचारणार होते?"

"यजमानांनी..." दातमावशी अडखळली.

"नाही, मारलं नाही कधी. माझ्याशी बोलायचेच नाहीत. पगार आणून द्यायचा, जेवण वाढायचं. सगळ्यांशी हसून बोलायचे, बाहेर फार चांगला माणूस होता. माझ्याशी नाही. शेवटपर्यंत नाही." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "साहेबांना मी दोनदा म्हटलं, 'भिंत' पुन्हा सांगा. म्हणाले, ते जुनं झालं, बाई, दुसरं काहीतरी घ्या. एवढंच म्हणाले. का ते सांगायला हवं होतं त्यांनी. मला सांगायला हवं होतं."

दातमावशीला साहेबांच्या बाजूनं काहीतरी बोलावंसं वाटलं. हा माणूस तिला बापापेक्षा जवळचा होता. पण बोलण्यासारखं काही नव्हतं. एकदा वर उभं राहून सांगितलं की काम झालं असं त्यांना वाटलं होतं, आणि तोवर 'भिंत' घरोघर पोचून चौकटीत जाऊन बसलं होतं. ही त्यांची दुसरी चूक, आणि ती त्यांना कुणी दाखवलीच नाही. दातमावशीनंही नाही. ती उठून हेडबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"मी निघून गेलेच असते असं नाही," हेडबाई थोड्या वेळानं म्हणाल्या. "कदाचित राहिलेही असते. पण ते माझं मी ठरवलं असतं."

त्यांनी कॉम्प्युटर पुढं ओढला, चष्मा चढवला आणि पाठ ताठ केली. वर्गात शिरताना त्या अशाच दिसत असत.

"टेप पहिल्यापासून लावा. थोडं थोडं लावा आणि थांबवा. मला एक शब्द गाळायचा नाहीये. जिथं थांबलेत तिथं थांबलेत असं लिहायचं."

सकाळभर त्यांनी तेच काम केलं. दातमावशी बटण दाबायची, साहेब एक वाक्य बोलायचे, हेडबाई टाइप करायच्या आणि वाचून दाखवायच्या. एकदा त्यांनी एकच शब्द दोनदा चुकीचा टाइप केला, तेव्हा दातमावशी म्हणाली, "मी लिहू का?" हेडबाई म्हणाल्या, "नको. त्यांचं सगळं मीच टाइप केलंय. हेही मीच करणार." शेवटचं वाक्य झालं आणि त्यांनी अनुक्रमाचं पान उघडलं.

"हे पहिलं," त्या म्हणाल्या. "'भिंत' याच्या मागून."

"पण बाई, झालं उलट होतं," दातमावशी म्हणाली. तिला खोटेपणा नको होता. "आधी 'भिंत', मग हे."

"तारखा दोन्हीवर घालू. पण पहिल्या पानावर हेच." हेडबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "पुस्तक लोक पुढून वाचायला लागतात, मावशी. मी पहिला कागद वाचला आणि उठून परत गेले."